दसऱ्याला धुतलेली टाकी

पाणी इतकं निर्मळ होतं की टाकीच्या पलीकडल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. आणि त्या पाण्यात मासे मरत होते.

पाच गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. सहावा तळाला आडवा पडला होता, एक डोळा छताकडे. अंगावर लाल शिरा उठलेल्या. मी पदर खोचला, बाही वर सारली आणि त्याला काढायला हात घातला.

"काढू नका त्याला, मावशी," सुरेखा म्हणाली.

"मेलाय तो. सडला तर बाकीच्यांना घेऊन जाईल."

"मेला न्हाई. बघा ना, कल्ला हलून राह्यला."

मी वाकून पाहिलं. मला काही हलताना दिसलं नाही. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, दुसऱ्याचा काढायचा राहिला आहे. पण मी इतकी वर्षं मासे विकते, मेलेला मासा मला कळतो. तरी ती माझ्या आणि टाकीच्या मधे अशी उभी राहिली की मी हात बाहेर घेतला. म्हटलं, राहू दे. तासाभरात आपोआप कळेल.

मागे बाजेवर तिचे सासरे बसले होते, तात्या. उजव्या हातात माशांच्या खाद्याची डबी, आणि तोंडानं "टाक... टाक..." एवढाच आवाज. त्यांना वाटत होतं, मासे भुकेनं वर येऊन तोंड उघडत आहेत.

"तात्या, डबी खाली ठेवा," मी म्हटलं. "आता एक दाणा जरी पडला तर मी घरी जाईन."

मी जालन्यात मस्तगडला रंगीत माशांचं दुकान चालवते. शाळा चौथीपर्यंत. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, फोटोला काच बसवायचे. काच कापता येत होती म्हणून टाक्या करू लागले, टाक्या केल्या म्हणून मासे आले. ते गेल्यावर लोकांना वाटलं दुकान बंद होईल. झालं नाही. अजून कोणी कोणी येऊन विचारतो, "रोहू कसा दिला?" मी सांगते, "माझ्याकडचा मासा तुम्हाला खायचा नाही, त्यानंच तुम्हाला खायला मागायचं आहे."

तात्या हसनाबादचे. सगळा जन्म शेतात गेला. लकवा मारला तशी उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मुलगा गजानन इथं कारखान्यात आहे, त्यानं त्यांना जालन्याला आणलं. व्यायाम शिकवणारा माणूस घरी यायचा. चेंडू दाब म्हणायचा, तात्या तोंड फिरवायचे. ज्या हातानं औत धरलं त्या हातानं पोरांचा चेंडू दाबायचा, हे त्यांना पटत नव्हतं. मग गजाननानं माझ्याकडून टाकी नेली, बसल्या जागी बापाला करमणूक म्हणून. सुरेखानं तिचा औषधासारखा उपयोग केला. तिनं डबी त्यांच्या उजव्या हातात दिली आणि सांगितलं, एकेक दाणा टाकायचा. पहिले कितीतरी दिवस दाणे धोतरावर आणि फरशीवर पडायचे. मग चिमूट जमू लागली. सकाळी एकेक, संध्याकाळी एकेक. चेंडूनं झालं नाही ते माशांनी केलं. त्या घरात सहा मासे म्हणजे म्हाताऱ्याचा उजवा हात होता. म्हणून सुरेखा टाकीसमोर तशी उभी राहिली.

"काय केलंस टाकीला?" मी विचारलं.

"काही न्हाई केलं. साफ केली."

"कशी?"

"दसरा काढला ना घरात. गोधड्या, पडदे, डबे, सगळं धुऊन काढलं. टाकी तशीच घाण कशी ठेवायची? मासे टोपात ठेवले. खडे उकळत्या पाण्यातून काढले, गच्चीवर दिवसभर उन्हात वाळवले. तो स्पंज तर काळाकुट्ट झाल्ता, त्याला दगडावर चांगला आपटला. साबण न्हाई लावला हां मावशी, येवढं डोकं हाय मला. पाणी बी दोन दिवसांचं शिळं भरलं, ह्यांनी सांगितल्यापरमानं."

आमच्याकडे घट बसत नाहीत. दसऱ्याला आम्ही पांढरं नेसून विहारात जातो. पण शेजारपाजारी पाहून मला माहीत आहे, घट बसायच्या आत घरातली एक चिंधी न धुता ठेवत नाहीत. हिनं टाकीचाही दसरा काढला होता. त्यानंतर चार दिवस मासे मजेत होते. मी गेले त्या दिवशी घटाला पाचवी माळ चढली होती.

आता जे मासे पाळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मासा त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतो. आमचं जालन्याचं पाणी जड, क्षाराचं, त्यात तो आणखी जहरी. मग मासे जगतात कसे? स्पंजात आणि खड्यांवर बारीक जंतू वस्ती करतात. एक जात अमोनिया खाते आणि त्याचं नायट्राइट करते. तेही विषच. दुसरी जात ते खाऊन नायट्रेट करते. ते थोडं असलं तर मासे सोसतात, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. ही दोन्ही बिऱ्हाडं नव्या टाकीत बसायला महिना लागतो, कधी जास्तही. हे शब्द खाद्य-औषधाच्या कंपनीवाल्यांचे आहेत, माझे नाहीत. मी याला विरजण म्हणते. दुधाला विरजण लागतं तसं टाकीला लागतं.

हे लोकांना पटवणं हेच माझं निम्मं काम. मंठ्याचे एक शेठ आले होते. नवं घर, चार दिवसांवर वास्तुशांत. हॉलमध्ये पाच फुटी टाकी, आणि मासे त्याच दिवशी पाहिजेत. मी म्हटलं, टाकी न्या, मासे महिन्यानं देईन. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाका, ते सडलं की जंतूंना जेवण मिळतं.

"माशांबिगर खाद्य टाकू? पाहुण्यांना काय दाखवू, पाणी?"

"पाणीच दाखवा. पाणी झालं की मासे होतात."

ते म्हणाले, म्हातारीला धंदा करता येत नाही. दुसरीकडून चाळीस मासे नेले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. नव्या टाकीत तसं होतं, आपोआप निवळतं. शेठनी त्यात तुरटी फिरवली, घरच्या रांजणात फिरवतात तशी. पाणी निवळलं, मासे मेले. भटजी मंत्र म्हणत होते आणि शेठचे मेहुणे गाळणीनं मासे काढत होते. पुढच्या आठवड्यात शेठ दुकानात आले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सांगा मावशी, रिकामी टाकी कशी चालवायची." त्या माणसानं महिनाभर बिनमाशांची टाकी चालवली. शेजारी बघायला यायचे आणि हसून जायचे. आज मंठ्यात त्यांच्यासारखी टाकी कोणाची नाही. चूक झाल्यावर परत येऊन विचारणारं गिऱ्हाईक फार थोडं असतं. मी त्यांना पाहिलं की अजून चहा सांगते.

पण शेठची टाकी नवी होती. सुरेखाची वर्षाची, चांगली मुरलेली. तिला मी विरजणाचं सांगितलं तशी ती टाकीतल्या स्पंजाकडे बघत राहिली.

"म्हंजे मी विरजणाचं भांडं उकळून काढलं?"

"आणि उन्हात वाळवलं."

"घाण म्हणून धुतलं ते..."

"ते औषध होतं."

तेवढ्यात गजानन आतून आला. कामावर जायच्या कपड्यांत होता. म्हणाला, "मावशीनं बजावून सांगितल्तं, स्पंज धुवायचा न्हाई म्हणून. टाकीतल्याच पाण्यात हलका पिळायचा फकस्त."

सुरेखानं मान वर केली. "कुणाला सांगितल्तं?"

"मला."

"मंग टाकी तुम्ही धुता का?"

गजानन बुटाची नाडी बांधायला वाकला. पण चूक त्याची नव्हती, माझी होती. टाकी बसवायला गेले त्या दिवशी मी सगळं सांगितलं होतं. पाणी किती, कधी, स्पंज कसा. सांगितलं ते गजाननाला, खुर्चीवर बसलेल्याला. सुरेखा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी बाई असून, उभा जन्म दुकान सांभाळून, मला एवढं सुचलं नाही की टाकीत हात घालणार ती. तिनं ऐकलं असतं तर विसरली नसती. ती विसरणारी बाई नाही.

मी पाणी तपासायच्या बाटल्या काढल्या. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब टाकायचे, हलवायचं आणि थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. बाटलीवरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. रंग वाचता येतात. नळी पिकल्या लिंबोळीसारखी पिवळी राहिली नाही, भर पावसातल्या पानासारखी हिरवी झाली.

अर्धं पाणी तेव्हाच बदललं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघर ड्रम भरलेले असतात. एरवी मी नगरपालिकेला शिव्या देते, पण त्या दिवशी बरं झालं. साठवलेलं पाणी दोन दिवस उघडं राहिलं की ब्लीचिंगचा वास उडतो आणि ते माशांना चालतं. गजाननाला म्हटलं, "कामावर जाताना मला दुकानात सोड आणि रिक्षानं परत पाठव." दुकानातल्या सगळ्यात जुन्या टाकीचा स्पंज घेतला. काळा, बुळबुळीत, नव्या माणसाला किळस येईल असा. कात्रीनं अर्धा कापला, टाकीच्याच पाण्यात बुडवून पिशवीत घातला. तो सुरेखाच्या टाकीत बसवला आणि थोडं खडेमीठ विरघळवून सोडलं.

"शेजारणीकडून विरजण आणलं म्हणायचं," सुरेखा म्हणाली.

"हो. पण हे एका रात्रीत लागत नाही. रोज तपासायचं, रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. आणि खाद्य बिलकुल बंद."

"बंद? किती दिवस?"

"मी सांगेन तोवर. हा मासा दोन-तीन आठवडे उपाशी राहिला तरी मरत नाही. खाल्लं तर मरेल."

तात्यांना हे ऐकू गेलं. कान शाबूत होते. त्यांनी डबी छातीशी धरली. सुरेखानं बोटं सोडवून ती काढून घेतली, तर त्यांनी दुपारचं ताट डाव्या हातानं लोटून दिलं. मासे उपाशी तर मीही उपाशी. तिकडे सुरेखाला नऊ दिवसांचा उपवास. मी म्हटलं, "बराबर आहे. सगळं घरच नवरात्र धरून बसलंय."

ती हसली नाही. ड्रमकडे गेली आणि दुसऱ्या दिवशीच्या बादल्या भरून झाकून ठेवू लागली.

दुसऱ्या दिवशी एक मासा गेला. तळाला पडलेला नाही, वर पोहत होता त्यातला. तळाचा तसाच होता, आडवा. मी फोनवर विचारलं, "काढला का त्याला?" ती म्हणाली, "जिता हाय." मी म्हटलं, "तुझी मर्जी."

मी एक दिवसाआड जाऊ लागले. तिसऱ्या खेपेला गेले तर दारातूनच आवाज आला. जाड, अडखळणारा. "येक... दोन... ती..."

तात्या बाजेवर ताठ बसले होते. उजव्या हातात माझी थेंबांची बाटली. सुरेखा गुडघ्यावर बसून नळी धरून होती. बाटली थरथरायची आणि एकदम तीन थेंब पडायचे.

"अगं, काय करून राह्यली तू!" मी ओरडले. "एक थेंब जास्त पडला तर रंग खोटा निघतो. औषध वाया, तपासणी वाया. ही बाटली जालन्यात माझ्याशिवाय कोणाकडे नाही."

"मंग तुमच्याकडून आणीन आजून." तिनं नळीवरची नजर काढली नाही. "मावशी, दाणे बंद केले तुम्ही. हाताला काम तर पाहिजे. चार दिवसांत बोटं पुन्हा वळून राह्यली, बघा."

मी बोटं पाहिली. खरंच आत वळायला लागली होती. मी माशांचा हिशोब धरला होता, हाताचा नाही. ती दोन्ही धरून होती.

मी पर्स ठेवली आणि स्वयंपाकघरातून एक वाटी आणि लहान मुलांच्या औषधाची रिकामी बाटली मागितली. तिच्यात साधं पाणी भरलं. म्हटलं, "सराव याच्यावर करा तात्या. दिवसभर करा. खरी बाटली सकाळी एकदाच." तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बोलता येत असतं तर शिवी दिली असती. पण बाटली घेतली.

सातवा थेंब नेहमी चुकायचा. सहापर्यंत नीट, सातव्याला हात उडायचा आणि दोन पडायचे. मग नळी ओतून टाकायची, पहिल्यापासून. सुरेखा एकदाही "राहू द्या" म्हणाली नाही. ओतायची, विसळायची, पुन्हा धरायची. माझं आयुष्य गिऱ्हाइकांची घाई बघण्यात गेलं. आज टाकी, आज मासे, उद्या फोटो. अशी धीराची बाई मी दुकानात पाहिली नव्हती. शिकलेली बारावी, पण आधी शिकलेलं सोडायला लागतं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. रोज घासूनपुसून लख्ख ठेवणारी ती, आता टाकीच्या काचेवर शेवाळाचा हिरवा पापुद्रा चढला तरी हात लावत नव्हती. सासरकडच्या पाहुण्या दसऱ्याचं सोनं द्यायला आल्या. एक म्हणाली, "टाकी लईच घाण ठेवली गं, सुरेखा." ती म्हणाली, "हो, मोठ्या कष्टानं केली."

दसरा झाला. रोज सकाळी एका ओळीत सगळं: तात्यांचे थेंब, रंग, बादली. काढलेलं पाणी मोगऱ्याला आणि वांग्याच्या कुंड्यांना. नळाला पाणी यायला उशीर झाला तेव्हा तिनं शेजारच्या दोन घरांतून हंडे आणले आणि त्यांना टाकीतलं पाणी झाडांसाठी दिलं. हिरवा रंग दिवसागणिक उतरत गेला. एका सकाळी पिवळा झाला. सुरेखानं फोन केला, "झालं ना मावशी? दाणे चालू करू?"

"नाही. आता दुसरी बाटली काढ."

दुसरी बाटली नायट्राइटची. निळी राहिली तर ठीक. ती जांभळी झाली, ताज्या वांग्यासारखी. मी सांगितलं होतं की नाही, एक बिऱ्हाड बसतं तेव्हा दुसऱ्याचं विष वाढतं. या आठवड्यात लोक हरतात. वाटतं संपलं, आणि सोडून देतात. त्याच आठवड्यात दोन मासे गेले, एक सकाळी, एक दुपारी. कल्ले तपकिरी झाले होते. सुरेखानं ते मोगऱ्याच्या कुंडीत पुरले आणि परत येऊन बादली उचलली. रडली असेल तर माझ्यासमोर नाही. मला ते आवडलं.

तात्या मात्र त्या दिवशी बाटली घेईनात. तोंड भिंतीकडे. सुरेखानं नळी भरली आणि त्यांच्यासमोर धरून बसली. चहा गार झाला. मी म्हटलं, "दे, मी टाकते आज." ती म्हणाली, "तुम्ही उद्या येणार न्हाईत मावशी. त्यांनाच टाकायचंय." आणि बसून राहिली. शेवटी त्यांनी हात पुढे केला. येक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात. आठ. एकेकच पडला. तात्या तोंड वाकडं करून हसले, डाव्या बाजूनं, आणि म्हणाले, "हा... आता... बोल." कोणाला म्हणाले कोण जाणे. मला म्हणाले असतील.

वसुबारसेला नळी पिवळी राहिली आणि दुसरी निळी. सलग तीन दिवस तशीच. मी म्हटलं, दाणे चालू करा, सकाळी तीनच. तात्यांनी डबी उघडली आणि तीन दाणे एकेक करून टाकले. चौथा उचलला, माझ्याकडे पाहिलं, परत डबीत ठेवला.

तेव्हापासून माझ्या दुकानात एक नियम आहे. टाकी न्यायला कोण आलं ते मी विचारत नाही, धुणार कोण ते विचारते. ते माणूस समोर येऊन स्पंज स्वतःच्या हातानं पिळून दाखवत नाही तोवर टाकी दुकानातून हलत नाही. काही लोक चिडून जातात. जाऊ देत. नवरात्राच्या आधी मी दारावर पाटी लावते: दसरा काढा, टाकी सोडून. अक्षर माझंच आहे, चौथीचं. स्पंज अर्धा द्यायचा झाला तर आता सुरेखाच्या टाकीतला देते, माझ्यापेक्षा चांगला मुरलाय. मंठ्याच्या शेठनी दुसरी टाकी घेतली तेव्हा त्या टाकीचं विरजण सुरेखाच्याच घरातून गेलं.

सहापैकी तीन वाचले. एक काळ्या पाठीचा, एक शेपूट फाटलेला, आणि एक तो, जो मी पहिल्या सकाळी मेला म्हणून काढायला निघाले होते.